फळीवर दोनच काडतुसं

दोन लागतात. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ पुढच्या पानावर रव्याच्या लाडवांच्या कृतीकडं जावं. मोठ्या जनावराच्या शिकारीला काडतुसांचे प्रकार किती लागतात? दोन. तिसरा प्रकार मागणाऱ्याला काडतूस नकोच असतं, त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं. ते काय हवं असतं, हे कळायला माझे केस पिकले.

मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, "पोवारकाका, कामाचे अनुभव लिहा, पण जरा साहित्यिक होऊ द्या." मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या घराण्यात साहित्यिक कुणी झालेला नाही, देवाची कृपा. बोलतो तसं लिहितो. बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ बघून घ्यावं, मजकुराला हात लावू नये.

कोल्हापुरात मी उस्तादाच्या हाताखाली परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचो. इकडं जर्मनीत, एश्बॉर्नच्या वर, टाउनुसच्या डोंगरातल्या एका गावात बंदुकीच्या दुकानात तेच केलं. लोक विचारतात, "काका, वाघ किती मारले?" एक पण नाही. मी कोंबडीसुद्धा मारलेली नाही, शिजलेली मात्र सोडत नाही. चपला शिवणाऱ्याला कुणी विचारतं का, बाबा तू किती कोस चाललास?

आता काडतूस म्हणजे काय, ते कॉम्प्युटरवाल्यांसाठी सांगतो. पितळेचं एक नळकांडं. तोंडाला गोळी बसवलेली, पोटात दारू, बुडाला टिकली. बंदुकीची पिन टिकलीवर बसते, दारू पेटते, गोळी जाते, नळकांडं मागं राहतं. नावात दोन आकडे असतात. पहिला गोळीची जाडी, दुसरा नळकांड्याची लांबी. सात-चौसष्ट म्हणजे सात मिलिमीटर जाड गोळी आणि चौसष्ट मिलिमीटर लांब नळकांडं. संपलं शास्त्र.

या सात-चौसष्टवर इथलं लहान हरीण होतं आणि सांबराएवढं मोठंही होतं. त्याच्या वरचं, म्हणजे दांडगं रानडुक्कर किंवा परदेशातलं अस्वल, त्याला नऊ-तीन-बासष्ट, म्हणजे नऊ पॉइंट तीन मिलिमीटर जाड, बासष्ट लांब. एक पांढरा रस्सा, एक तांबडा रस्सा. तिसरा रस्सा मागणारा माणूस कोल्हापूरचा असूच शकत नाही.

पण जर्मन शिकारी कोल्हापूरचा नसतो. ड्युसेलडॉर्फहून एक मोठे साहेब यायचे. एकदा आफ्रिकेला निघाले होते. हत्तीला एक काडतूस, सिंहाला एक, रानरेड्याला एक, असं मागत गेले. शेवटी म्हणाले, "आणि एक असं द्या, जे यांच्या मधलं असेल."

मी विचारलं, "हत्ती आणि सिंह यांच्या मधलं जनावर कोणतं, साहेब?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

तिथं गेल्यावर त्यांना माकड चावलं. तंबूत शिरून, भलत्या जागी. चारही प्रकारची काडतुसं कुलपात होती. परत आल्यावर खुर्चीवर न बसता उभ्या उभ्याच मला म्हणाले, "हेर पोवार," हेर म्हणजे इथं श्रीयुत, "माकडासाठी वेगळं काही येतं का?" मी म्हटलं, "येतं. केळं."

इथल्या आमच्या गावात, जर्मन उच्चारात डोक्टर साहेब म्हणून, एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं चौदा बंदुका आणि चौदाही वेगळ्या काडतुसांच्या. डुक्कर हुकलं की सोमवारी दुकानात हजर. "पोवार, ही गोळी पानांना थटते." मग दुसरी बंदूक, दुसरं काडतूस. पुढच्या वेळी, "ही जरा संथ जाते." मग तिसरी. दात उपटणारा माणूस असून डॉक्टर स्वतः कधी चुकत नव्हते. चुकायची ती गोळी.

जुने मालक वारल्यावर दुकान त्यांच्या मुलीकडं आलं. इंग्रिड नाव, हाडानं शिस्तीची बाई. तिच्या पहिल्याच वर्षी काडतुसांची मुख्य फळी ओझ्यानं मोडली. भर दुपारी, गिऱ्हाइकं असताना. सगळे खोके धडाधडा खाली, पितळच पितळ. डोक्टर साहेब कान झाकून काउंटरखाली शिरले. एक रिटायर पोलीस होता, तो जमिनीवर पालथा.

मी म्हटलं, "उठा मंडळी. काडतूस पडून फुटत नाही. त्याच्या बुडाला नेमकं टोचावं लागतं. माणसासारखंच आहे ते."

तरी डॉक्टर बराच वेळ खालीच होते. म्हणाले, चष्मा शोधतोय. चष्मा डोळ्यावर होता.

फुटायचं भय नव्हतं, भय मिसळायचं होतं. दिसायला सख्खी भावंडं असणारी काडतुसं असतात. चुकीचं काडतूस चुकीच्या बंदुकीत गेलं तर बंदुकीचं तोंड फाटतं आणि पाठोपाठ शिकाऱ्याचं. मी आणि इंग्रिड गुडघ्यावर बसून एकेक निवडायला लागलो, खडे निवडावे तसे. काही काडतुसं तर अशी निघाली की त्यांच्या बंदुका आता फक्त संग्रहालयात असतील.

इंग्रिड घाम पुसत म्हणाली, "आल्झो," म्हणजे तर मग, "हेर पोवार, यातली खरोखर लागतात किती?"

"दोन."

"दोन डझन?"

"दोन. बाकीची ज्याला हवीत त्याला मागवून द्यायची. फळीवर दोन."

तिनं माझ्याकडं बघितलं. शिस्तीच्या बाईला दोन हा आकडा आवडतो. पण ती बापाची लेक होती. म्हणाली, "ठीक. हुबर्टुसच्या शिकारीपर्यंत करून बघू." हुबर्टुस हे इथल्या शिकाऱ्यांचे संत. त्यांच्या सणाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गावाची मोठी हाक्याची शिकार असते. "तोपर्यंत गिऱ्हाइकं टिकली तर फळी तुमच्या म्हणण्याप्रमाणं. रुसली तर फळी पुन्हा भरायची, काउंटरवर माझा चुलतभाऊ येईल, आणि तुम्ही खाली तळघरात बंदुकांचे दस्ते घासायला."

मी म्हटलं, "चालेल."

चालणार मुळीच नव्हतं. तळघरात काम हलकं आहे, हीटर आहे, खुर्ची आहे. पण तिथं माणूस नाही. बायको गेल्यापासून घरात मी एकटा. पोरगा ड्रेस्डेनला, त्याच्या पोरांना मी मराठीत हाक मारली की ती जर्मनमध्ये उत्तर देतात आणि पळतात. बोलायचं ठिकाण एकच होतं, ते काउंटर. पण तोंडातून शब्द गेला होता आणि पोवारांचा शब्द परत येत नाही, हा आमचा जुना आजार आहे.

गिऱ्हाइकं रुसायला लागली. रिटायर पोलीस म्हणाला, रिकाम्या फळीकडं बघून त्याला उदास वाटतं. डोक्टर साहेबांचं लाडकं काडतूस मागवलं होतं, ते काही येईना. ते रोज यायचे, फळीकडं बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. दुकानात इतका शुकशुकाट की इंग्रिडचा चुलतभाऊ एकदा येऊन काउंटरची उंची आपल्या पोटाला लावून बघून गेला.

त्यात एकच नवं गिऱ्हाईक आलं, तेही आपलंच. सुनील कुलकर्णी, पुण्याचे, एश्बॉर्नला सॉफ्टवेअर कंपनीत, सोबत बायको वैदेही. इथल्या शिकारीची परीक्षा फार अवघड, महिनोन् महिने अभ्यास लागतो. पुणेकराला परीक्षा दिसली की राहवत नाही. दिली, पास झाले, आणि मग लक्षात आलं की आता शिकार करावी लागणार.

"काका, मिनिमम काय घ्यावं लागेल? वैदेही म्हणालीये, घरात या विषयाचं एकच कपाट."

"कपाट एक, बंदूक एक, काडतूस एक. तुम्हाला डुकराच्या हाक्याला बोलावलंय ना? नऊ-तीन-बासष्ट घ्या. पुढं हरणाकडं वळलात तर सात-चौसष्ट. तिसरं मागितलंत तर वैदेहीताईंना फोन करीन."

"नेटवर तर लोक एकवीस वेगवेगळी कॅलिबर सांगतात."

"नेटवरच्या लोकांना डुक्कर दिसलंय का कधी?"

"मला पण नाही दिसलेलं, काका," कुलकर्णी हळूच म्हणाले.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमी आली. मी दरवर्षी दुकानात हत्यारांची पूजा करायचो, कानस, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, सगळं मांडून. इंग्रिड लांबून बघायची आणि आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवायची. त्या वर्षी कुलकर्ण्यांची नवी बंदूक दुकानातच होती. तिलाही बोट लावलं आणि उरलेल्या हळदी-कुंकवाच्या दोन पुड्या बांधून शकुनाच्या म्हणून तिच्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात सरकवल्या. आपल्या माणसाची पहिली शिकार. सासरी निघालेल्या मुलीला मोकळ्या हातानं पाठवतो का आपण?

हुबर्टुसचा दिवस उजाडला. रात्री पाऊस पडून गेलेला, पाचोळा ओला. मी दरवर्षी हाकेकऱ्यांत असायचो, नारिंगी जाकीट घालून, हातात काठी. जर्मन हाकेकरी "हॉप हॉप" म्हणतात. मी शेतातल्या डुकरांना हाकलायची कोल्हापुरी आरोळी ठोकतो. इथल्या डुकरांना ती जास्त कळते, असा माझा अनुभव आहे.

हाका सुरू झाला आणि थोड्याच वेळात दोन बार झाले. एक डोक्टर साहेबांच्या बाजूनं, एक कुलकर्ण्यांच्या. शिंग वाजलं, हाका थांबला. नियम असा की शिंग वाजेपर्यंत शिकाऱ्यानं जागा सोडायची नाही आणि नंतर सांगायचं, कशावर मारली, जनावर कुठं गेलं.

डॉक्टर लालबुंद होऊन आले. त्यांचं लाडकं काडतूस आलंच नव्हतं म्हणून बिचाऱ्यांना माझं सात-चौसष्ट वापरावं लागलं होतं. डुक्कर हुकलं होतं. "पोवार! ही तुझी गोळी! डुकराला वळसा घालून गेली!"

आणि इंग्रिड माझ्या मागंच उभी. माझ्या डोळ्यापुढं तळघराचा जिना आला.

तेवढ्यात कुलकर्ण्यांकडून ओरडा आला, "रक्त आहे! इथं रक्त आहे!"

सगळे धावले. खरंच, त्यांच्या मचाणाशेजारी पाचोळ्यावर लाल ठिपके. ओले, चकचकीत. माझी छाती फुगली. "बघा डॉक्टर, नऊ-तीन! एक गोळी, एक डुक्कर!"

डॉक्टरांची शिकार हुकली तरी ते जाणकार होते. गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, वास घेतला, बोटानं ठिपका उचलून जिभेला लावला. म्हणाले, "फिकट लाल. फुफ्फुसात लागलीय. लांब जाणार नाही."

गोळी लागलेल्या जनावराचा रक्तावरून माग काढायला एक बुटकी, लांबडी कुत्री होती, वांडा. तिनं ठिपक्यांचा वास घेतला, जोरात शिंकली आणि खाली बसली. तिचा मालक म्हणाला, "वांडा म्हणते, नाही."

"वांडाला सर्दी झालीय," मी म्हणालो.

मग निघाली आमची वरात. प्रत्येक ठिपक्याशेजारी डहाळी खोचायची, हळू बोलायचं, टोप्या काढायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी सगळ्यात पुढं. वाटेत प्रत्येकाला सांगत होतो की बाबांनो, दोन काडतुसं पुरतात, उगाच नाही म्हणत मी. पुढं एका ओंडक्यापाशी ठिपके पिवळे झाले. डॉक्टर किंचाळले, "पित्त! पित्ताशय फुटलंय! गोळी आरपार!"

"नऊ-तीन आहे ती, डॉक्टर," मी म्हटलं. "पित्ताशय काय, जन्मकुंडली फाडते."

माग रान सोडून पायवाटेवर आला. पायवाट सोडून खडीवर आला. खडीवरून आला तो थेट गाड्या लावल्या होत्या तिथं, आणि कुलकर्ण्यांच्या गाडीच्या डिकीपाशी थांबला.

वांडाचा मालक म्हणाला, "आल्झो. डुक्कर गाडी घेऊन आलं होतं तर."

कुलकर्ण्यांनी खांद्यावरची बंदुकीची पिशवी पुढं घेतली. बाहेरच्या खिशाच्या तळाला शिवण उसवलेली, आणि त्यातून एक ओली कागदी पुडी डोकावत होती. पुडीची घडी मी ओळखली. ती घडी माझीच.

"काका," कुलकर्णी दबक्या आवाजात म्हणाले, "हे कुंकू आहे?"

"आणि हळद," मी म्हटलं. "पित्ताशय नव्हतं ते."

काय आहे ते जर्मनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. देवाचं असतं, पवित्र असतं, खाल्लं तर अपाय नाही. हे शेवटचं डॉक्टरांकडं बघून सांगितलं. त्यांची जीभ लालभडक झाली होती. डुक्कर मात्र साफ गेलं होतं, अंगावर ओरखडाही न घेता. आता माझी दोन्ही काडतुसं एकाच सकाळी नापास झाली होती. इंग्रिडनं हाताची घडी घातली.

शिकारीनंतर गावच्या खाणावळीत जेवण असतं आणि जेवणानंतर इथं एक गंमत करतात, शिकाऱ्यांचं कोर्ट. दिवसभरात ज्यानं चुका केल्या त्याच्यावर खटला. त्या दिवशी न्यायाधीश गावचा म्हातारा शेतकरी बाउअर, ज्याच्या ताब्यात ते रान होतं. अंगावर टेबलाचा लाल कपडा. शिक्षा करायला आचारी, हातात पळी. फिर्यादी वकील डोक्टर साहेब. आरोपी मी.

सगळे हसत होते. मी हसत नव्हतो, कारण पहिल्याच बाकावर इंग्रिड आणि तिच्याशेजारी तो चुलतभाऊ, दस्ते घासायचा कागद माझ्या हातात द्यायला जणू घेऊनच आलेला.

डॉक्टर उभे राहिले. जीभ लाल, आवाज मोठा. "या माणसानं आमची फळी रिकामी केली. दोन काडतुसं ठेवली आणि दोन्ही वाईट! आज एक माझ्या हाती फसलं, दुसरं या तरुणाच्या. साक्षीदार कुलकर्णी, सांगा, काडतूस वाईट होतं की नाही?"

कुलकर्णी उभे राहिले. आता बघा, त्यांना फक्त 'या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो', म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सगळ्यांनी पाठीवर थाप मारून बिअर दिली असती, पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं असतं. नवा माणूस, परका माणूस, त्याला आणखी काय हवं? मी मान खाली घातली.

"काडतूस उत्तम होतं," कुलकर्णी म्हणाले. "मी चुकलो."

त्या खोलीत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं.

बाउअरनं कानामागं हात नेला. "काय चुकला?"

"नेम चुकला. डुक्कर आलं तेव्हा मी डोळे मिटले. दोन्ही."

"एक मिटतात," डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत आहे. परीक्षेत आलं होतं. मी दोन्ही मिटले." मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "काका, मी टेस्टिंगमध्ये आहे. चूक कुणाची ते शोधायचाच पगार घेतो. खोटं कसं बोलू?"

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही, पण बाउअरला कळलं असावं. तो टेबलाच्या कपड्यात हलला, खोकला आणि म्हणाला, "मी पण मिटतो. मोठं डुक्कर असलं तर."

मग कोपऱ्यातला रिटायर पोलीस म्हणाला, त्याचे डोळे उघडे असतात पण हात कापतात. एक जण म्हणाला, तो मनात आकडे मोजतो आणि तोवर डुक्कर जातं. बघता बघता सगळे बोलायला लागले. फक्त डोक्टर साहेब उभेच. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता यांचाच दात कुणीतरी उपटला.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले, आणि आवाज वकिलाचा नव्हता. "पण मग मी सोमवारी कुठं जायचं? बायको ऐकत नाही. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. पूर्वी हुकलं की दुकानात जायचो, नवं काडतूस मागायचो, त्यावर हा पोवार अर्धा तास वाद घालायचा. बरं वाटायचं. आता फळीवर दोनच. दोन काडतुसांवर माणूस किती बोलणार?"

इतकी वर्षं मी त्यांना काडतुसं विकत होतो आणि त्यांना हवं होतं ते वेगळंच. मला जे तळघरात मिळणार नव्हतं, तेच.

बाउअरनं मुठीनं टेबल ठोकलं. निकाल असा. काडतुसं निर्दोष, फळीवर दोनच राहतील. कुलकर्ण्यांना पुढच्या वर्षीही बोलावणं, पण डोळ्यांवर लक्ष ठेवायला शेजारी एक माणूस बसेल. आरोपी पोवार दोषी. शिक्षा: यापुढं ज्याची शिकार हुकेल त्याची सबब काउंटरवर उभं राहून शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये बोलायचं नाही. हसायचं नाही.

"हे फार होतंय," मी म्हणालो. पळी बसली.

मी इंग्रिडकडं बघितलं. ती चुलतभावाला म्हणाली, "ऐकलंस ना? शिक्षा काउंटरवर भोगायची आहे. कोर्टाचा हुकूम. मी काय करणार?"

मी बोलणारा माणूस. ऐकायची सवय मला ना उस्तादानं लावली, ना बायकोनं. तिनं प्रयत्न पुष्कळ केला. सोमवारी दुकान उघडलं. फळीवर दोनच खोकी, सात-चौसष्ट आणि नऊ-तीन-बासष्ट, मध्ये भरपूर जागा. दार वाजलं. डोक्टर साहेब आत आले, टोपी काढली, फळीकडं न बघता सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"आल्झो, पोवार," ते म्हणाले, "त्या दिवशी वारा डावीकडून होता."

वारा नव्हताच. मी तिथंच होतो. पान हलत नव्हतं. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले, तोंड मिटलं, चेहरा सरळ केला आणि मान हलवली, की हं, मग?

डॉक्टरांनी खुर्ची ओढली.